माझा डोस ठरेपर्यंत

पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी एडीएचडीची गोळी दिलीच नाही. ऑफिसात रजा टाकून, पहाटेची सातारा-स्वारगेट विनाथांबा पकडून मी पुण्याला गेले होते. परतताना पर्समध्ये होती ती रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी आणि घरच्यांनी भरून द्यायचे प्रश्नांचे कागद. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी हिरमुसून बसले होते. आज विचाराल तर सांगेन, पुढे जे काही सुरळीत झालं त्याची सुरुवात त्या चिठ्ठीपासूनच झाली. मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या त्रासाचं, निदान झालेले लोक, त्यातही बायका, हल्ली बरेच भेटतात. गोळी घ्यावी की घेऊ नये यावर सगळे हिरिरीनं बोलतात. पण गोळी सुरू कशी करतात, डोस कसा ठरतो, त्या काळात डॉक्टर नेमकं काय बघत असतात, हे सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी चाळिशीच्या अलीकडची. एका करसल्लागारांच्या ऑफिसात व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते. ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१, २० तारखेला कराच्या हिशोबाचं ३बी, आणि उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये लेट फी. काम मला येतं, आवडतंही. पण एका पार्टीची बिलं उघडली की त्यातल्या एका आकड्यावरून दुसरी पार्टी आठवायची, मग तिला फोन, मग त्या फोनवरून तिसरंच काही. दुपार कलली की टेबलावर पाच फायली उघड्या आणि पूर्ण एकही नाही. मग १९ तारखेच्या रात्री घरी लॅपटॉप उघडून पहाटेपर्यंत. अशी वर्षं गेली. या धावपळीचं मूळ कुठे आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या मुलाच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी. मुलासाठी गेले होते, त्यांनी माझ्याबद्दलच चार प्रश्न विचारले आणि पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमचं नाव दिलं.

मॅडमचा पहिला भर लहानपणावर होता. एडीएचडी तिशीत अचानक उगवत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या निकषांप्रमाणे काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात आणि ती घर, शाळा, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी आढळावी लागतात. लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलपणाची नऊ लक्षणं असतात. मोठ्या माणसात त्यांतल्या एका गटातली किमान पाच तरी दिसावी लागतात. माझ्यात चंचलपणा बाहेरून फारसा दिसत नाही, सगळी गडबड आतच. मॅडमनी कोरेगावला माझ्या आईला फोन लावला. आई पंधरा-वीस मिनिटं बोलत होती. दळण गिरणीत ठेवून डबाही तिथेच विसरून यायची, वहीचं पहिलं पान मोत्यासारखं आणि दहाव्या पानानंतर कोरी, असं बरंच. मग नवऱ्याला आत बोलावून वेगळे प्रश्न विचारले. हे सगळं एका बैठकीत उरकलं नाही.

त्याच्याच जोडीनं दुसरं काही तर नाही ना, याचा शोध चालला होता. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२; कारण यांतलं काहीही बिघडलं तरी डोकं जागेवर राहत नाही. झोप किती, घोरता का, पाळी कशी आहे. नैराश्य, चिंता. कधी चार-पाच दिवस झोपेशिवाय भलत्याच उत्साहात गेलेत का, घरात कोणाला भास व्हायचे का, हेही विचारलं, कारण बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार) किंवा सायकोसिसकडे (भास-भ्रम) कल असेल तर ही औषधं फार जपून वापरावी लागतात. काचबिंदू आहे का? दिवस राहण्याचा विचार आहे का? चहा किती कप? मिश्री लावता का? आमच्या भागात हा प्रश्न विचारणारा डॉक्टर मला तरी पहिल्यांदाच भेटला.

आणि मग, "वडील कशानं गेले?"

माझे दादा बावन्नाव्या वर्षी झटक्यानं गेले. शेतातून येऊन ओसरीवर बसले ते बसलेच. मी हे सांगितल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "औषध सुरू करण्याआधी प्रत्येकाला ईसीजी लागतोच असं नाही. पण घरात कमी वयात असा मृत्यू झालेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी उत्तेजक, म्हणजे मेंदूला चालना देणाऱ्या गटातलं औषध देणार नाही." ईसीजी झाला, इको झाला, हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी कळवलं की हरकत नाही. यात महिना गेला. त्या महिन्यात मला कुणी ओळखीतून एक-दोन गोळ्या दिल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनात येतो. वडिलांची गोष्ट औषधाच्या दुकानात कोणी विचारली नसती.

घरी खरा विरोध सासूबाईंचा होता, आणि तो मायेपोटी होता. "अगं, डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. शेजारच्यांच्या सुनेला बघितलंस ना? आणि हे काहीतरी आत्ताचं नवीन निघालेलं." मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं, "आई, हे औषध तुमच्यापेक्षा वयानं मोठं आहे." सासूबाईंचा जन्म १९५१ चा. मला द्यायचं ठरलेलं औषध, मेथिलफेनिडेट, सिबा या स्विस कंपनीत १९४४ साली तयार झालं. लिआंद्रो पानिझोन नावाचे रसायनतज्ज्ञ होते, त्यांनी बायकोच्या, रीटाच्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. सासूबाईंना ही बायकोची गोष्ट आवडली. सवयीबद्दल मात्र मी त्यांना थेट मॅडमशीच बोलायला लावलं. मॅडमनी धोका झाकला नाही. हे औषध गैरवापर होऊ शकणाऱ्यांतलं आहे, म्हणून तर त्याच्यावर एवढी बंधनं. पण ठरलेल्या डोसात, ठरलेल्या वेळी आणि देखरेखीखाली घेणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी असते, असं त्यांनी सावकाश समजावलं. दुसरा पर्यायही मांडला: अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक गटात मोडत नाही, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. हृदयाच्या डॉक्टरांनी नको म्हटलं असतं तर बहुधा तोच विचार झाला असता, अर्थात त्यातही नाडी आणि रक्तदाब बघावाच लागतो.

सुरुवात झाली सकाळी एक, पाच मिलिग्रॅमच्या साध्या गोळीनं. एवढासा डोस का, तर ही गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि साधारण चार तासांत उतरते. काही त्रास झालाच तर दुपारपर्यंत संपतो. मॅडमनी एक शंभर पानी वही करायला सांगितली होती, आणि गोळी सुरू होण्याच्या आधीचा आठवडाही त्यात लिहायला लावला. त्या आठवड्याचं महत्त्व मला नंतर कळलं. माझी झोप मुळात किती, नाडी मुळात किती, चिडचिड मुळात किती, हे माहीत नसेल तर गोळीनं काय बदललं हे सांगणार कशाच्या आधारावर? पानाला उभे रकाने: गोळीची वेळ, रक्तदाब आणि नाडी, काय खाल्लं, रात्री किती वाजता झोप लागली, हातातलं कोणतं काम पुरं झालं, मन कसं होतं. वजन दर रविवारी. रक्तदाबाचं मशीन विकत आणलं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता बसायचं. जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळलात तर तो आकडा कुचकामी.

फोन कधी करायचा, हेही वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहून दिलं. निवांत बसलेलं असताना नाडी वारंवार शंभरावर गेली किंवा रक्तदाब १४०/९० च्या वर राहिला तर फोन. छातीत दुखलं, भोवळ आली, श्वास लागला तर फोनची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. भास, टोकाची उदासी किंवा जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं तर घरच्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही खाली होता.

पहिल्या दिवशी मी ऑफिसात एका किराणा पार्टीचं खरेदी रजिस्टर जीएसटीच्या २बी शी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायला घेतलं. साडेदहाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवतंय, तो मला ऐकू येतोय आणि तरी मी उठून खिडकीशी गेलेले नाही. ओळीवर बोट होतं ते ओळीवरच राहिलं. अंगात वीज संचारली वगैरे काही नाही. पुढच्या ओळीवर जावंसं वाटलं आणि गेले, इतकंच. दीडच्या आसपास परिणाम उतरला तशी एकदम कारण नसताना चिडचिड झाली. शिपायाने चहा उशिरा आणला एवढ्यावरून डोळ्यांत पाणी. वहीत तसंच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, औषध उतरताना काहींना असं होतं, त्यावर उपाय आहेत, आधी आठवडाभर बघू.

मग दुपारची दुसरी गोळी आली. ती मी चारला घेऊ लागले तेव्हा रात्री एक-दीडपर्यंत टक्क जागी. वेळ एकची केल्यावर झोप परत आली. औषध तेच, डोस तोच. फक्त वेळ सरकवली. वही नसती तर आम्ही कदाचित आणखी एखादी झोपेची गोळी वाढवून बसलो असतो.

भुकेचं प्रकरण जास्त चिवट निघालं. डबा भरलेला तसाच घरी यायचा, भाकरीचा वास नको वाटायचा. वजनाचा काटा उतरायला लागला तसं सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. गोळीच्या आधी सकाळीच पोटभर न्याहारी: नाचणीची भाकरी, अंडं किंवा मटकीची उसळ. दुपारी जमेल तेवढं ताक-भात. आणि संध्याकाळी सात वाजता, भूक परतते तेव्हा, खरं जेवण. ज्या बाईला गोळी नको होती तिनंच गोळीचं वेळापत्रक चुलीवर बसवलं. वजन थांबलं.

डोस वाढवताना एक टप्पा असा आला की सकाळची गोळी पंधरा मिलिग्रॅमची झाली आणि मला ते मानवलं नाही. काम होत होतं, पण जबडा आवळलेला, तळहात ओले, नखांभोवतीची कातडी सोलत बसायचे. नाडी एकशे आठ, एकशे बारा. नवरा म्हणाला, "तू बोलत का नाहीस? तासभर एकाच कागदाकडे बघतेयस." मी त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवसापासून डोस आधीच्या पायरीवर आला. मॅडमचं एक म्हणणं मला फार पटलं: मोठ्या माणसांत वजनावरून किंवा त्रास किती आहे यावरून डोस काढता येत नाही. हळूहळू चढत जायचं, फायदा आणि त्रास दोन्ही मोजायचे आणि जिथे फायदा चांगला नि त्रास कमी तिथे थांबायचं. म्हणून माझा आजचा डोस मी इथे लिहीत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही.

नंतर साध्या गोळीऐवजी दिवसभर सावकाश सुटणारी गोळी आली. ती चावायची, तोडायची, कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाऊ शकतं. या गोळीचं बाहेरचं कवच विरघळत नाही, ते कधी शौचातून तसंच बाहेर पडलेलं दिसतं. औषध मात्र आत गेलेलं असतं. हे आधी सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरले नाही. चिडचिडीचा तो दुपारचा उतार या गोळीनं बराच सौम्य झाला.

आता कागदपत्रांबद्दल, कारण इथे लोक फार दमतात. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो आणि ती दोन वर्षं जपावी लागते. हे औषध विकायला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात असतो, वेष्टनावर लाल अक्षरांत एक्सआरएक्स अशी खूण असते. आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्यानं मान हलवली, "ताई, हे आपल्याकडे येतच नाही." साताऱ्यात आणखी दोन-तीन ठिकाणी विचारून शेवटी पुण्याचंच दुकान धरलं. तिथले काका नाव, पत्ता, गोळ्यांची संख्या रजिस्टरमध्ये लिहून सही घेतात. व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून देता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत शेड्यूल एक्सची औषधं मनाई केलेल्या यादीत आहेत. त्यामुळे त्रास झाला तर फोनवर बोलता येतं, पण चिठ्ठीसाठी पुणं गाठावंच लागतं. गावाकडच्या माणसाला हे जड जातं, हे मला सरकारला कळकळीनं सांगावंसं वाटतं. नियंत्रण हवंच. पण प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी परवाना असलेलं एक तरी दुकान आणि जिल्हा रुग्णालयात मोठ्या माणसांचं एडीएचडी तपासणारा एक तरी डॉक्टर असेल, तर लोक आडमार्गाला जाणार नाहीत.

आडमार्ग कसा असतो, ते घरातच दिसलं. आमचा पुतण्या पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससी करतो. दिवाळीत आला तेव्हा स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या त्या गोळ्यांतल्या चार-पाच देता का? पूर्वपरीक्षा आहे. आमच्या अभ्यासिकेत काहीजण घेतात." पोरगा कष्टाळू, आईवडिलांनी गाय विकून क्लासची फी भरलेली. मी त्याला रागावले नाही. वही दाखवली. एकशे बाराचं पान दाखवलं. म्हटलं, माझे दादा काही तुझे आजोबा नव्हेत, पण तुझं हृदय कोणी तपासलंय का? आणि हे औषध १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, मी तुला एक गोळी दिली तरी तो गुन्हा आहे. तुला खरोखर लक्ष लागत नसेल तर मी स्वतः तुला मॅडमकडे नेते. त्या दिवसापासून गोळ्या कपाटाच्या कुलपात गेल्या आणि किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या वाटीइतकीच जपली जाते. घरात लहान मूल आहे, त्यासाठीही ते हवंच होतं.

सर्दीचं औषधही विचारून घ्यायचं असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तदाब वाढवू शकतं. दम्याच्या काही देशी औषधांत सोमलता ही वनस्पती असते आणि तिच्यात इफेड्रिन, तेही रक्तदाब वाढवू शकणारं. काढा असो, चूर्ण असो, "हे तर आयुर्वेदिक आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवायचं नाही. चहा मी दोन कपांवर आणला. दारूचा प्रश्न आमच्याकडे नाही, पण तीही या औषधाबरोबर नको.

वहीतून एक गोष्ट अशी निघाली जी मला कोणी सांगितली नव्हती. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळी अर्धीच लागू पडतेय असं वाटायचं. तीन-चार महिने तारखा लावून पाहिल्या, दर वेळी तेच. मॅडमनी वही हातात घेऊन शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, पुष्कळ बायका हे सांगतात, संशोधन मात्र अजून अपुरं आहे. स्वतःहून डोस वाढवू नका, आपण या आठवड्याचं काम हलकं करता येतं का बघू. मी कालनिर्णयवर तो आठवडा पेन्सिलीनं आखून ठेवते आणि जुळवणीची किचकट कामं त्याच्या आधी उरकते.

आणखी एक, गोळी लक्ष टिकवते, ते कुठे लावायचं हे सांगत नाही. एकदा तर अख्खी सकाळ मी फाईलींची लेबलं सारखी करण्यात फार एकाग्रतेनं घालवली. त्यासाठी साताऱ्यातल्याच एका मानसशास्त्रज्ञ ताईंकडे जाते. काम छोट्या तुकड्यांत कसं मोडायचं, सुरुवात कशी करायची, इतक्या वर्षांची "मी वेंधळीच" ही समजूत कशी सोडायची, हे तिथे चालतं. माझ्या मते हे दोन्ही मिळूनच उपचार होतो. नुसत्या गोळीवर भिस्त ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आता डोस स्थिर आहे. ठरावीक महिन्यांनी वजन, नाडी, रक्तदाब. आणि वर्षातून एकदा, औषधाची अजून गरज आहे का हे मॅडमच्या सल्ल्यानं थांबवून बघायचं. मध्ये एकदा दुकानात साठा नव्हता तेव्हा थोडे दिवस गोळीविना गेले. माझ्या बाबतीत त्यानं धोका झाला नाही, लक्षणं तेवढी परत आली. पण एडीएचडीत कधी दिलं जाणारं, रक्तदाब उतरवणारं क्लोनिडिनसारखं औषध चालू असेल तर ते एकाएकी बंद केल्यानं रक्तदाब उसळू शकतो, हे त्या वेळी मॅडमनी आवर्जून सांगितलं.

येत्या सुट्टीत नणंदेकडे दुबईला जायचं ठरतंय. तिकडे हे औषध नियंत्रित यादीत आहे, सोबत नेण्यासाठी आधी तिथल्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. मॅडमनी निदान आणि डोस लिहून सही-शिक्क्याचं पत्र दिलं आहे. तिकिटं काढायच्या आधी तो ऑनलाइन अर्ज भरायचा आहे, रविवारी मी आणि नवरा बसणार आहोत.